पेट्रोलचा काटा पावसात खाली पडतो: टाकीतलं युनिट बदलावं का?

खाडीकाठचा
मंडळी, सल्ला हवाय. गाडी पेट्रोल हॅचबॅक, जुनी आहे पण इंजिन ठणठणीत. गुहागर ते चिपळूण जाणंयेणं नेहमीचं. पाऊस सुरू झाल्यापासून पेट्रोलच्या काट्याने रंग दाखवायला सुरुवात केली आहे. टाकी अर्ध्याच्या वर असताना काटा हळूहळू खाली येतो, रिझर्व्हचा दिवा लागतो, आणि 'अजून किती किलोमीटर' दाखवणाऱ्या जागी नुसत्या रेघा. शृंगारतळीपर्यंत काटा तळाला, पुढे कधीतरी आपोआप वर. कोरड्या दिवशी बऱ्यापैकी शहाण्यासारखा वागतो.

वर्कशॉपवाले म्हणतात पूर्ण पंप असेंब्ली बदला, आतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) सुटा मिळत नाही. गावातला इलेक्ट्रिशियन म्हणतो मीटर गेलाय. दोघांनीही अजून एक स्क्रू उघडलेला नाही. पैसे खर्च करायची तयारी आहे, पण आंधळेपणाने नको. कुणाला अनुभव?

तळकोकणी
मेल्या, काटो कित्याक बघतंस? गाडी बंद पडली काय समजाचा, पेट्रोल संपला.

चुलतकाका
आमच्या वेळी जीपच्या टाकीत बांबूची कामटी घालायचो. जितकी ओली तितकं डिझेल. मीटर नाही, सेन्सर नाही, वर्कशॉप नाही.

लालमाती
काका, आताच्या गाड्यांच्या नळीला वळण असतं, तोंडाशी झडप असते. कामटी आत जाईल, पण बाहेर येईलच असं नाही. मग टाकी उतरवायचा खर्च वेगळा.

वायरमन
(रत्नागिरीत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.)

वर्कशॉपवाला किंवा इलेक्ट्रिशियन, कुणीतरी बरोबर असेलही. पण कपलर (वायरींचा जोड) सोडवून बघितल्याशिवाय ते त्यांनाही सांगता येणार नाही आणि मलाही.

टाकीत फ्लोट असतो, त्याला तारेचा दांडा. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बारीक कॉन्टॅक्ट असतात, ते रेझिस्टन्सच्या पट्टीवरून घसरतात. पेट्रोल खाली-वर झालं की ओहम (रेझिस्टन्सचं माप) बदलतात. हे सगळं मिळून युनिट. मीटर एका वायरीतून अगदी थोडा करंट पाठवतो, तो युनिटमधून अर्थला (बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परतणाऱ्या वाटेला) जातो, आणि त्या वायरीवर किती व्होल्ट राहिले त्यावरून काटा ठरतो. म्हणजे संशयित चार: मीटर, मधली वायर आणि कपलर, टाकीतलं युनिट, आणि अर्थ. चौथ्याचं नाव कुणी घेत नाही, आणि समुद्राकाठच्या गाड्यांत माझ्या हाताखालून गेलेल्या केसेसमध्ये तोच सगळ्यात जास्त वेळा सापडतो.

आता करायचं काय. मागची सीट उचला. बऱ्याच गाड्यांत खाली पत्र्याचं किंवा रबराचं झाकण असतं, त्याखाली टाकीचा कपलर. त्यात दोन जाड वायरी पंपाच्या, दोन बारीक फ्लोटच्या. चावी बंद करून कपलर काढा. मग चावी ऑन करा आणि काटा कुठे जातो ते बघा. आता गाडीच्या बाजूच्या कपलरवर फ्लोटच्या दोन बारीक वायरी एकमेकींना जोडा, मधे दहा-वीस ओहमचा रेझिस्टर घालून. काटा दुसऱ्या टोकाला निघाला तर मीटर आणि पुढची वायर दोन्ही ठीक. घाई करू नका. गाडी वळणावर गेली, पेट्रोल हिंदकळलं तरी काटा नाचू नये म्हणून नव्या मीटरमध्ये तो मुद्दाम संथ ठेवलेला असतो. काहींत चावी बंद-चालू केल्याशिवाय तो हलतच नाही.

बऱ्याच जपानी धाटणीच्या गाड्यांत टाकी फुल असेल तर ओहम अगदी कमी, रिकामी असेल तर शंभराच्या आसपास. त्यामुळे वायर तुटली, कपलर सैल झाला, अर्थ गंजला, तरी मीटरला वाटतं टाकी रिकामी. काही कंपन्यांचं नेमकं उलट असतं, तिथे वायर तुटली की टाकी कायम फुल. म्हणून काटा कुठल्या बाजूला पडतो हे आधी लिहून ठेवायचं.

रिझर्व्हचा दिवा पण लागतो म्हणून युनिटच गेलं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. जुन्या काही गाड्यांत दिव्यासाठी टाकीत वेगळा थर्मिस्टर (तापला की रेझिस्टन्स बदलणारा तुकडा) असायचा. पेट्रोलमध्ये बुडालेला असला की थंड, उघडा पडला की तापून दिवा लावायचा. तिथे काटा खोटा आणि दिवा खरा असं होऊ शकतं. नव्या गाड्यांत काटा, दिवा आणि किलोमीटरचा हिशेब सगळं एकाच वायरीवरून येतं. एक खोटं बोललं की तिघेही खोटं बोलतात.

आणि हो, पेट्रोलची वाफ म्हणजे गंमत नव्हे. दारं उघडी, विडीवाला लांब, आणि टाकीचं तोंड उघडायची वेळ आलीच तर बॅटरीची मायनस आधी काढा.

नस्तीउठाठेव
एवढा लांब जायची गरजच नाही. इथेनॉल! वीस टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल जुन्या गाड्यांना खातंय. फ्लोट, रबर, पंप सगळं.

रसायनी
नस्तीउठाठेव, इथेनॉलला शिव्या घालायला माझीही ना नाही, पण पुरावा जुळायला हवा. २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल बाजारात आलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे पसरलं. या मिश्रणासाठी न बनलेल्या गाड्यांच्या रबरावर परिणाम होतो हे खरं. इथेनॉल पाणी ओढतं, पाणी फार झालं तर ते दोघं मिळून तळाला वेगळे बसतात, हेही खरं. पण त्याने गाडी धक्के खाईल, सुरू व्हायला त्रास देईल. पाऊस पडला की काटा खाली आणि ऊन पडलं की वर, हे टाकीच्या आतल्या गोष्टीचं लक्षण वाटत नाही. आत बारा महिने ओलंच असतं.

इंधनामुळे काटा बिघडल्याचं गाजलेलं प्रकरण इथेनॉलचं नाही, गंधकाचं. २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा भागात जास्त गंधक असलेलं पेट्रोल पंपांवर गेलं आणि असंख्य गाड्यांचे काटे चुकीचं दाखवू लागले. युनिटमधल्या कॉन्टॅक्टमध्ये चांदी असते. देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन काळं पडतं ना, तोच थर तिथे बसतो, आणि तो करंट नीट जाऊ देत नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधकाची मर्यादा दहा लाखांत दहा भाग आहे, त्याआधीच्या बीएस-४ मध्ये पन्नास होती. त्यामुळे तो धोका आता बराच कमी.

नस्तीउठाठेव
ठीक. पण माझं मायलेज पडलंय ते कुणामुळे?

रसायनी
त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्याच बाजूने भांडेन.

डिझेलदादा
मला एक शंका. रस्ता चढाचा आहे का? आमच्या गाडीत परशुराम घाट चढताना काटा एक रेघ वर असतो आणि उतरताना एक रेघ खाली. टाकी सपाट आणि रुंद, फ्लोट एका बाजूला, मग पेट्रोल जिकडे कलंडेल तिकडचं खरं. दाभोळहून धोपाव्याला फेरीवर गाडी चढवताना तर रिझर्व्हचा दिवा हमखास डोळा मारतो. सपाट जागी उभी करून बघा आधी.

मी तर काट्याकडे बघणंच सोडलंय. टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, आणि ठरावीक किलोमीटरनंतर पंप.

वायरमन
डिझेलदादा, तुमची पद्धत उत्तम आहे, फक्त पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत चूक महागात पडते. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो. कोरडा फिरला तर जळायची शक्यता असते. आणि तुमच्या डिझेलची टाकी कोरडी झाली तर एअर काढत बसावं लागेल, ते तुम्हाला सांगायला नको.

चढाचा मुद्दा बरोबर, पण चढाने एखादी रेघ फरक पडतो. अर्ध्यावरून तळाला जाणं चढाचं काम नाही.

शास्त्रीबुवा
आजच्या जमान्यात वायरी कसल्या जोडताय? हजार-पंधराशेला ब्लूटूथचा स्कॅनर मिळतो, गाडीच्या ओबीडी सॉकेटला (दोष तपासायच्या जोडणीला) लावा, मोबाइलवर टाकीची टक्केवारी येते. फ्युएल लेव्हलचे कोड ठरलेले आहेत: पी०४६० ते पी०४६४. ०४६२ आला तर सिग्नल प्रमाणापेक्षा खाली, ०४६३ आला तर वर, ०४६४ म्हणजे मधूनमधून तुटणारा. दोन मिनिटांत निकाल.

वायरमन
बुवा, स्कॅनर माझ्याकडेही आहे. पण आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत फ्लोटची वायर थेट मीटरला जाते, इंजिनच्या कॉम्प्युटरला तिचा पत्ताच नसतो. तिथे स्कॅनर म्हणणार 'दोष नाही', आणि काटा तळाला. कोड आला तर कामाचा आहे. नाही आला म्हणून सर्किट निर्दोष ठरत नाही. शिवाय कोड युनिट गेलं असं सांगत नाही, सिग्नल बिघडला एवढंच सांगतो. या धाग्यातली सगळी गोची त्या दोन वाक्यांमधल्या फरकातच आहे.

शास्त्रीबुवा
मान्य. तरी आधी स्कॅनर लावायला काय जातं? सीट तर उचलावी लागत नाही.

वायरमन
काही जात नाही. लावा.

सुरंगी
मधेच घुसते. आमची गाडी वेंगुर्ल्याला घराच्या मागच्या पडवीत उभी असते, आम्ही मुंबईत. गेल्या खेपेला गेलो तर काटा पाव टाकीवर चिकटलेला. पेट्रोल भरलं तरी पावच. सासरे म्हणतात उंदरांनी वायर खाल्ली. उंदरांनी वायर खाल्ली तर काटा पडेल ना? इथे तर तो हलतच नाही.

वायरमन
सुरंगीताई, तर्क चोख आहे. वायर तुटली तर काटा एका टोकाला जायला हवा, मधे कुठेतरी ठाम बसायला नको. गाडी महिनोन्महिने एकाच पातळीवर उभी राहिली की कॉन्टॅक्ट एकाच जागी राहतात, जुनं पेट्रोल चिकट होतं, दांड्याचा सांधा जाम होतो. पुढच्या वेळी टाकी अगदी काठोकाठ भरा आणि खडबडीत रस्त्यावर फिरवून आणा. काही वेळा फ्लोट सुटतो. उंदरांबद्दल सासऱ्यांना पूर्ण चूक ठरवू नका, वायरिंग एकदा डोळ्याखालून घालाच.

तळकोकणी
सासऱ्यांका चूक ठरवूचा नाय, ह्या वायरमनाक बरोबर समजता.

नाखवा
हर्णैहून. मी होडीवाला, गाड्यांतलं फार कळत नाही, पण टाकीचे मीटर आम्ही दरवर्षी बदलतो म्हणून लिहितो. होडीच्या बाजारात युनिटची दोन मापं चालतात. एक युरोपियन, रिकामी १० ओहम आणि भरलेली १८०. दुसरं अमेरिकन, रिकामी २४० आणि भरलेली ३३. मीटर एका मापाचा आणि युनिट दुसऱ्या मापाचं बसवलं की टाकी भरताना काटा उलटा फिरतो. दुकानदाराला हे माहीत नसतं, तो 'युनिव्हर्सल' म्हणून हातात देतो. गाडीला सुटं युनिट शोधणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: आकार जुळला म्हणजे ओहम जुळले असं नाही.

दुसरं. आमची टाकी प्लॅस्टिकची, खाली लाकूड नाहीतर फायबर. बॉडीतून अर्थ मिळण्याचा प्रश्नच नाही, म्हणून अर्थची वायर पार बॅटरीपर्यंत वेगळी ओढतो, तीही कल्हई केलेल्या तांब्याची. साधं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं, आणि वरचं आवरण चांगलं असलं तरी आतून वायर भुसभुशीत होत जाते. वायर हाताने वाकवून बघा. चांगली असेल तर लवचीक लागते, खाल्लेली असेल तर आत करकर होते.

लालमाती
नाखवा, हे करकर प्रकरण खरंच उपयोगी. माझ्या टेल लॅम्पची वायर आत्ताच जाऊन वाकवली. करकरली.

खाडीकाठचा
आभार सगळ्यांचे. रविवारी पावसाने उघडीप दिली तेव्हा सीट उचलली. निकाल असे:

कपलर काढला, चावी ऑन, काटा तळाला. दोन बारीक वायरी रेझिस्टर घालून जोडल्या, थोड्या वेळाने काटा उठून फुलकडे गेला. म्हणजे मीटर निर्दोष.

मग मल्टीमीटर टाकीच्या बाजूच्या दोन बारीक पिनांवर. भावाला गाडी हलवायला लावली. आकडा सावकाश वर-खाली होत होता, मधे कुठेही तुटला नाही. मला तर युनिटही चांगलं वाटतंय. कपलरमध्ये किंचित हिरवं होतं, ते साफ केलं. पुन्हा जोडलं. संध्याकाळी पावसात निघालो, काटा परत खाली!

मीटर चांगला, युनिट चांगलं, मग बिघडलंय काय? वर्कशॉपवाला हे ऐकून म्हणाला, 'उभ्या गाडीत चांगलं दिसतं, पळताना आतला कॉन्टॅक्ट सुटतो, असेंब्लीच बदला.'

वायरमन
तो म्हणतो तसं होतं कधीकधी. पण त्याआधी एकच प्रश्न: नुसती चावी ऑन करून पाच मिनिटं थांबलात तर काटा बरोबर दाखवतो का, आणि इंजिन सुरू केलं की खाली जायला लागतो का?

खाडीकाठचा
आत्ता बघून आलो. हो! चावी ऑनवर अर्ध्याच्या वर. इंजिन सुरू केलं की दोनेक मिनिटांत पाववर. हे कसं ओळखलंत?

वायरमन
तुम्ही ओहम मोजलेत ते युनिटच्या दोन पिनांमध्ये. त्या मोजणीत गाडीचा अर्थ येतच नाही. कितीतरी गाड्यांत पंपाची जाड अर्थ आणि फ्लोटची बारीक अर्थ पुढे जाऊन बॉडीवर एकाच बोल्टला बसतात. नुसत्या चावीवर पंप दोनेक सेकंद फिरतो आणि थांबतो. इंजिन सुरू झालं की तो सतत काही अँपिअर ओढतो. बोल्टखाली गंज असेल तर त्या करंटमुळे तिथे व्होल्टेज अडकतं, फ्लोटच्या वायरीवरचं व्होल्टेज तेवढंच वर सरकतं, आणि मीटरला वाटतं टाकी रिकामी होत चालली. खारं पाणी लागलं की त्या सांध्याची अवस्था दर तासाला बदलते.

खात्री करायची तर इंजिन चालू ठेवून मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावा. एक टोक कपलरच्या मागून फ्लोटच्या अर्थ वायरीला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. शून्य पूर्णांक एक व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. जास्त असेल तर त्याच वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक लांब वायर तात्पुरती टाका. काटा सुधारला तर झालं निदान.

रसायनी
असेंब्ली बदलली असती तरी काटा पडतच राहिला असता ना मग?

वायरमन
दोन दिवस बरा झाला असता. नवीन कपलर बसवताना वायरिंगची ओढाताण होते, गंज थोडा हलतो. मग पुढच्या पावसात परत, आणि तेव्हा म्हणाले असते मीटर बदला.

डिझेलदादा
वायरमन, मग गाडी सुरू व्हायलाही त्रास व्हायला हवा. पंपाला पूर्ण व्होल्टेज कुठे मिळतंय?

खाडीकाठचा
डिझेलदादा, सकाळी पहिल्या चावीला जरा जास्त फिरवावं लागतंय खरं. मी ते पावसावर ढकललं होतं.

व्होल्टेज मोजलं. इंजिन चालू असताना एकाच्या वर, हॉर्न-बिर्न न वाजवता. लांब वायर टाकली, काटा जाग्यावर आला. बोल्ट शोधायलाच वेळ लागला: मागच्या दाराच्या उंबऱ्याजवळ, कार्पेटखाली. कार्पेट वरून कोरडं, खालचा फोम पिळला तर पाणी. बोल्टखालच्या रिंगची पांढरी-हिरवी पूड झालेली. नवीन रिंग वायरीवर दाबून बसवली, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. काटा ठीक, सकाळी गाडी पहिल्या चावीला सुरू.

एक शंका उरलीय. टाकी फुल केल्यावर काटा शेवटच्या रेघेच्या किंचित अलीकडे थांबतो. आधी तिथपर्यंत जायचा का, आठवत नाही.

वायरमन
फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं किंवा दांडा थोडा वाकला तरी असं होतं. एवढ्यासाठी टाकी उघडू नका. व्होल्टेज पुन्हा एकदा मोजा, बोल्टवर रंग राहिला असेल. त्यापेक्षा आत पाणी कुठून येतंय ते शोधा. दाराच्या तळाला पाणी निचरायची भोकं असतात, ती लाल मातीने बुजलेली असतील. नाहीतर पुढच्या जूनला तोच बोल्ट.

नाखवा
ग्रीस लावायचं ते बोल्ट आवळून झाल्यावर. आधी थापून मग आवळणारे खूप पाहिलेत.

सुरंगी
वायरमन, गणपतीला गावी आलोय. टाकी काठोकाठ भरली, रेडीपर्यंत फिरवून आणली. काटा पाववरून उठला, पाऊणवर जाऊन बसला, आणि आता तिथेच. सीटखालची वायरिंग बघितली, उंदराने दात लावलेत पण आतली तार शाबूत आहे. तुमची कपलरवाली टेस्ट दिराने केली, मीटर दोन्ही टोकांना जातो. पिनांवर मल्टीमीटर लावून गाडी हलवली तर आकडा ढिम्म.

वायरमन
मग तुमच्याकडे खरंच युनिटच बिघडलंय. सुटं मिळतं का ते आधी विचारा, काही मॉडेलना मिळतं. काढण्याआधी टाकी अर्ध्याच्या खाली आणा. वरची प्लॅस्टिकची रिंग लोखंडी स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने ठोकू देऊ नका, ठिणगीही नको आणि रिंगही फुटते. लाकडाचा ठोकळा चालतो. खालचं रबर सील नवीनच घ्या. जुनं पेट्रोलने फुगतं, बाहेर काढलं की परत खाचेत बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवलं तर टाकी फुल केल्यावर गाडीत वास येतो.

सुरंगी
सील वेंगुर्ल्यात मिळेल?

वायरमन
कुडाळला किंवा सावंतवाडीला विचारा. चॅसिस नंबर देऊन मागवा, नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका, एकाच मॉडेलला दोन मापं असतात. आणि सील हातात आल्याशिवाय टाकी उघडू नका.